भाकर संपली, तरी का राहिलो? : नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती समाधानाची गोष्ट



आज आपण हिवरे बाजारात जमलो आहोत. विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकानं आम्हाला फोनवर विचारलं, "सर, गाव पाण्याचं आणि तुमचा विषय ख्रिस्ती श्रद्धा आणि समाधान. मेळ कसा घालणार?" प्रश्न रास्त होता. आम्ही म्हटलं, बघू, बोलता बोलता बसतोय का ते. आमच्या मनात मात्र मेळ आधीच बसलेला होता, कारण आमच्या घराण्याच्या ख्रिस्ती होण्याची गोष्ट दुष्काळापासूनच सुरू होते. आणि दुष्काळ म्हणजे काय, हे या गावाला वेगळं सांगायला नको.

आधी शब्दाकडे बघू. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, ती खोड जात नाही. आपण मराठीत 'समाधान' दोन अर्थांनी वापरतो. पोटभर जेवून माणूस म्हणतो, समाधान झालं. आणि वर्गात विद्यार्थ्याला शंका आली की शिक्षक तिचं समाधान करतात. एक तृप्तीचं समाधान, दुसरं शंकेचं. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द लागतात, आपल्याकडे एकच पुरतो. आम्हाला वाटतं, भाषेनं इथं काहीतरी नेमकं ओळखलेलं आहे. ज्याच्या मनातली मोठी शंका फिटलेली नाही, त्याचं पोट भरलं तरी तो तृप्त होत नाही. आज हे दोन्ही अर्थ जवळ ठेवू या.

आता इतिहास. अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत आले 1813 साली, आणि नगरला त्यांचं ठाणं पडलं डिसेंबर 1831 मध्ये. 1833 साली नगरची पहिली मंडळी, म्हणजे चर्च, स्थापन झाली. 1842 साली 'ज्ञानोदय' नगरहून सुरू झाला, आणि तो आजही निघतो. फॅरारबाईंनी नगरात मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी त्या पाहिल्या होत्या, हे आपल्याला माहीत आहे. पुढे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी मराठी चालींवर ख्रिस्ती पदं रचली, टाळ-वीणा घेऊन ख्रिस्ती कीर्तनं उभी राहिली. सुरुवातीला ख्रिस्ती झालेल्यांत काही ब्राह्मण होते. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खेड्यापाड्यांतून जी माणसं आली ती बहुतेक महार आणि मांग समाजातली होती. आमचे पणजोबा त्यांतलेच एक.

इथं एक अवघड गोष्ट उघड बोलली पाहिजे. नगर जिल्ह्यात मोठ्या संख्येनं बाप्तिस्मे कधी झाले? 1876 ते 78 चा दुष्काळ आणि 1899-1900 चा दुष्काळ, या दोन दुष्काळांच्या काळात आणि त्यांच्या मागोमाग. मिशननं कामं काढली, धान्य वाटलं, अनाथ मुलं सांभाळली. म्हणून गावानं आमच्या लोकांना एक नाव दिलं: पोटासाठी बाटलेले. लहानपणी शाळेत हे आम्ही ऐकलेलं आहे. कॉलेजात शिकवायला लागल्यावरही ऐकलं, फक्त तिथं भाषा सभ्य होती. आणि खरं सांगायचं तर तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाल्यावर आमच्याच मनात हा प्रश्न जास्त टोचायला लागला. ज्या श्रद्धेवर आपण उभे आहोत, तिच्या पायाशी जोंधळ्याचं पोतं असेल तर? मग आमच्या घरातलं ते सगळं समाधान, रात्रीच्या प्रार्थनेनंतरची ती शांतता, ती म्हणजे निव्वळ भरल्या पोटाची झोपच की काय?

या प्रश्नाला आम्ही बरीच वर्षं बगल दिली. आमच्या आजीनं दिली नाही.

आजी छप्पनच्या दुष्काळातलं लेकरू. चार-पाच वर्षांची असताना तिला मिशनच्या कामावर आणलं गेलं होतं. ती खूप जगली. 1972 चा दुष्काळ आला तेव्हाही होती. ज्येष्ठ मंडळींना आठवत असेल, त्या साली नगर जिल्ह्यात गावंच्या गावं खडी फोडायला गेली होती. सुकडी मिळायची, आणि रेशनवर मिलो मिळायचा, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. भाकरी थापताना तुटायची, खाताना घशाला लागायची. आम्ही तेव्हा नुकतेच एम. ए. झालो होतो, आणि डोक्यात नवं वाचलेलं भरपूर होतं. एका संध्याकाळी आजीला म्हणालो, "आजी, खरं सांग, तुम्ही लोक धान्यासाठीच गेलात ना?" प्रश्न क्रूर होता, पण त्या वयात कळत नाही.

ती चिडली नाही. परातीतल्या पिठाकडे बोट दाखवून म्हणाली, "आरं, ह्यो मिलो बी अमेरिकेचाच हाय. समद्या गावानं खाल्ला. कोन बाटलं?" आणि थोडं थांबून म्हणाली, "भाकर मिळाली म्हनून गेलो, हे खरं. पर भाकर संपल्यावर का ऱ्हायलो, ते इचार की."

मंडळी, आम्ही पुष्कळ ग्रंथ वाचले, पण या विषयावर याहून नेमका प्रश्न आम्हाला कुणी विचारलेला नाही. कुणी का गेलं, एवढंच इतिहासकार विचारतात. का राहिलं, हे क्वचितच कुणी विचारतं. दुष्काळ सरल्यावर काही लोक परत गेलेही, ते नाकारायचं कारण नाही. पण पुष्कळ जण राहिले. धान्याचं वाटप थांबलं होतं, गावातला पाणवठा बंदच होता, आणि वर 'बाटगे' हा शिक्का बसला होता. हिशेबानं पाहिलं तर राहण्यात तोटाच होता. मग राहिले का?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही तुम्हाला एका प्रसिद्ध घरात घेऊन जाणार आहोत, कारण आमच्या आजीनं आत्मचरित्र लिहिलं नाही, पण त्या घरातल्या बाईनं लिहिलं. ते घर म्हणजे नगरचं टिळकांचं घर. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई.

टिळकांचा जन्म 1861 सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण, कवी, वक्ते, संस्कृतचे जाणकार. त्यांच्यावर पोटासाठी बाटल्याचा आरोप कुणी करू शकत नव्हतं. त्यांची भूक शंकेची होती. देशाचं भलं कोणत्या धर्मानं होईल, जात नसलेला धर्म कुठं सापडेल, या प्रश्नांनी ते वर्षानुवर्षं अस्वस्थ होते. 1893 साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा सहप्रवासी भेटला. त्यानं त्यांना नवा करार दिला. ते वाचत गेले आणि मत्तयच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी थबकले. तिथं त्यांना शंकेचं समाधान सापडलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आणि त्यांच्या पदरात काय पडलं? आप्त तुटले, जात गेली, बायको दुरावली. लक्ष्मीबाई लहान मुलाला, दत्तूला, घेऊन नातलगांकडे राहिल्या, काही काळ पंढरपुरात काढला. जवळजवळ साडेचार-पाच वर्षं हे घर दुभंगलेलं होतं. म्हणजे ज्याला समाधान मिळालं म्हणतो, त्याच्या घरात त्याच दिवसापासून रडारड सुरू झाली. श्रद्धेनं येणारं समाधान म्हणजे सगळं गोड होणं, असं कुणी तुम्हाला सांगत असेल, तर त्याला टिळकांच्या घराची गोष्ट सांगा.

लक्ष्मीबाईंची गोष्ट आम्हाला टिळकांच्या गोष्टीहूनही मोठी वाटते. नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर, तिथल्या गोखल्यांच्या त्या. माहेरचं नाव मनकर्णिका. त्यांच्या आईच्या वडिलांना 1857 च्या धामधुमीत फाशी झाली होती. त्या घटनेनंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेडच लागलं. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं आत्मचरित्र या सोवळ्याच्या हकिकतींनीच सुरू होतं. आपण वाचताना हसतो. पण जरा थांबून पाहिलं, तर त्या माणसाच्या मनात केवढी भीती बसली असेल ते कळतं. जग इतकं धोक्याचं झालं होतं की प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय त्याला चैन नव्हतं, आणि कितीही धुतलं तरी चैन नव्हतंच. पाणी नदीभर होतं, समाधान ओंजळभर नव्हतं.

त्या घरातली मुलगी पुढे नवऱ्याकडे नगरला आली. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात तिनं आपली चूल, आपलं पाणी वेगळं ठेवलं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मग एके दिवशी तिनं स्वतःच विचार केला. देवानं माणसं केली, जाती कुणी केल्या? देवानं केल्या असत्या तर पशुपक्ष्यांत जशा दिसतात तशा दिसायला हव्या होत्या. जाती माणसाच्या, तर मग पाण्याचा विटाळ कसला? आणि तिनं कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं ठरवलं. ना ग्रंथ वाचून, ना प्रवचन ऐकून. शंकेचं समाधान आधी झालं आणि मग पाण्याचा घोट गळ्याखाली उतरला. 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. तोच दुष्काळाचा काळ. दुष्काळातली अनाथ मुलं टिळकांनी घरी आणली, आणि एके काळी वेगळी चूल मांडणाऱ्या या बाईनं ती आपल्या हातांनी न्हाऊमाखू घातली. पुढे प्लेगच्या छावणीतही त्या सेवेला होत्या.

आता आमच्या आजीचा प्रश्न पुन्हा घेऊ. लक्ष्मीबाई वरून खाली आल्या, म्हणजे जातीच्या उतरंडीवरून. आमची आजी खालच्याच टोकाला होती. पण दोघी जिथं भेटल्या ती जागा एकच होती, पाण्याची. आजी सांगायची, मिशनच्या आवारातल्या आडावर पहिल्यांदा तिच्या आईनं स्वतःच्या हातानं पोहरा सोडला. तोवर वरून कुणी ओतलं तर ओंजळ धरायची. "त्या दिशी आई लई येळ पानी प्यालीच न्हाई," आजी म्हणायची, "नुस्ता पोहरा धरून हुबी ऱ्हायली." मंडळी, भाकर दुष्काळापुरती होती. पोहरा हातात आला तो कायमचा. त्या आडावर आमच्या लोकांच्या एका फार जुन्या शंकेचं समाधान झालं. शंका ही की आपण माणसं आहोत का. देवानं त्यांना लेकरू म्हटलं होतं आणि आडानं ते खरं करून दाखवलं. म्हणून ते राहिले.

हे सांगताना आम्ही चर्चला फुकटची शाबासकी देणार नाही. जात चर्चच्या दाराशी चप्पल काढून आत आली आणि पुढच्या बाकावर बसली. सोयरिकी जुळवताना आमच्याकडेही मूळ जात विचारली गेली, अजूनही विचारली जाते. आणि कायद्याचं म्हणाल, तर 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींची सवलत हिंदूंपुरती ठेवली. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध तिच्यात आले, दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. तेव्हा आमचं समाधान हे काही सगळं सुरळीत झाल्याचं समाधान नव्हे.

इथं एक आक्षेप येतो, आणि तो आपण टाळू नये. समाधान शिकवणारा धर्म गरिबाला गप्प बसवतो. मार्क्सनं धर्माला अफू म्हटलं ते आपण जाणतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही 1950 च्या एका लेखात बजावलं होतं की, खऱ्या धर्मानं दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये. आम्हाला हे पूर्ण मान्य आहे. सावकार जेव्हा कुळाला समाधानानं राहा म्हणून सांगतो, तेव्हा तो उपदेश नसतो, ती वसुलीची युक्ती असते.

पण टिळकांचं पुढचं आयुष्य बघा. समाधान मिळालेला माणूस गप्प बसला का? 1904 साली ते धर्मोपदेशक झाले. 1912 पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचं संपादन केलं. आणि मिशनच्या छत्राखाली राहून मिशनशीच भांडत राहिले. ख्रिस्त या मातीतला व्हायला हवा, पाट-पाण्यावर बसणारा, अभंगात गाता येणारा, हा त्यांचा ध्यास. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. शेवटी 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. तरुण बालकवी ठोंबरे या टिळकांच्या घरी नगरला पोरासारखे राहिले; ते हिंदूच होते आणि हिंदूच राहिले. 9 मे 1919 रोजी टिळक गेले. 'ख्रिस्तायना'चे सुरुवातीचे थोडे अध्याय त्यांच्या हातून झाले होते. उरलेला भलामोठा ग्रंथ लक्ष्मीबाईंनी पुरा केला. शाळा न शिकलेल्या बाईनं. दुरावलेल्या नवऱ्याचं अर्धं राहिलेलं काम पुरं करणं, हेही एक समाधानच.

यातून आम्हाला दिसतं ते असं. समाधानाचे दोन प्रकार आहेत. एकाचा आधार परिस्थिती. ती बदलली की ते जातं, म्हणून ते माणसाला भित्रं करतं; आहे ते जाईल म्हणून तो हलत नाही. दुसऱ्याचा आधार आपण कुणाचे आहोत या खात्रीत. ते परिस्थितीवर टांगलेलं नसतं, म्हणून ते माणसाला परिस्थितीशी झगडायला मोकळं सोडतं. टिळकांनी पगार सोडला, तो दुसऱ्या प्रकारच्या बळावर.

ही कल्पना आली कुठून, तेही दोन शब्दांत पाहू. संत पौलानं फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात समाधानाची गोष्ट येते. पौल तेव्हा कैदेत आहे. तो जो ग्रीक शब्द वापरतो, 'ऑटार्केस', तो त्या काळच्या स्टोइक तत्त्वज्ञांचा आवडता शब्द. त्याचा अर्थ स्वतःला स्वतः पुरेसा असलेला, कुणाचं काही न लागणारा. पौल शब्द त्यांचा घेतो, पण अर्थ पालटतो. पहिली गोष्ट, तो म्हणतो की हे आपण शिकलो. म्हणजे हे जन्मजात नाही, भरल्या दिवसांनी आणि उपाशी दिवसांनी शिकवलेलं आहे. दुसरी गोष्ट, आपण पुरेसे आहोत असं तो म्हणत नाही. बळ देणारा दुसरा कुणी आहे, असं म्हणतो. आणि तिसरी गोष्ट आम्हाला फार उशिरा दिसली. हे सगळं तो लिहितोय एका मदतीची पोच देताना. फिलिप्पैच्या लोकांनी कैदेतल्या पौलाला काही वस्तू पाठवल्या होत्या. त्या त्यानं घेतल्या, आभार मानले, आणि त्याच पत्रात समाधानाबद्दल लिहिलं.

हे लक्षात आलं त्या रात्री आम्हाला आजी आठवली. ती जाऊन तोवर तीसेक वर्षं झाली असतील. आम्ही जन्मभर ज्या पोत्याची लाज बाळगली, तसलंच गाठोडं पौलानंही घेतलं होतं. भुकेल्यानं भाकर घेतली म्हणून त्याची श्रद्धा खोटी होत नाही. भूक खरी होती, देणारा हात खरा होता, आणि त्यानंतर जे घडलं तेही खरं होतं. मनातली ती जुनी टोचणी त्या रात्री गेली. त्याला आम्ही शंकेचं समाधान म्हणू. उत्तर आजीनं 1972 सालीच दिलेलं होतं. समजायला आम्हाला पीएच. डी. आणि पांढरे केस लागले.

आता हिवरे बाजाराकडे येऊ. हे गाव ख्रिस्ती नाही, आणि त्याच्या कष्टांना आमच्या धर्माचं लेबल लावायचा आम्हाला काही अधिकार नाही. पण इथं फिरताना आम्हाला आमचाच विषय दिसतो. 1989 पासून पोपटराव पवार आणि गावकऱ्यांनी इथं जे केलं ते जगाला माहीत आहे. दुष्काळी पट्टा, पाऊस बेताचाच. गावानं श्रमदानानं बांध घातले, चर खोदले, झाडं लावली. आणि मग स्वतःवर बंधनं घातली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, दारूबंदी. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. उसासारखं पाणी ढोसणारं पीक घ्यायचं नाही. पाऊस मोजायचा आणि ग्रामसभेत बसून पाण्याचा ताळेबंद मांडायचा. यंदा इतकं आहे, तर यंदा इतकंच पुरवायचं.

'पुरे' हा शब्द म्हणायला फार अवघड आहे, मंडळी. जो आधी झिजला नाही त्याचं 'पुरे' म्हणजे हार असते. या गावानं आधी घाम गाळला आणि मग 'पुरे' म्हटलं. आणि आणखी एक गोष्ट. गावात मुसलमानांचं एकच घर, त्या एका घरासाठी गावानं मशीद बांधून दिली. आपलं आहे ते जाईल या भीतीत जगणारा माणूस शेजाऱ्याच्या देवाला जागा देत नाही. 'देवाच्या दरबारा'त टिळकांनी हेच करायचा प्रयत्न केला होता.

तेव्हा फोनवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर असं. पाणी आणि समाधान यांचा मेळ आम्ही घातलेला नाही, तो आधीचाच आहे. नदीकाठी राहून सगळं धुणाऱ्या गोखल्यांना ते मिळालं नाही. पोहरा हातात धरून उभ्या राहिलेल्या एका बाईला न पिताच मिळालं.

तरुण मंडळींना एकच विनंती. घरी गेल्यावर आपापल्या आजी-आजोबांना विचारा, वाईट दिवसांत तुम्ही कशावर तग धरलात. कोणत्या धर्माचे ते, हा मुद्दा नाही. प्रश्न मात्र आम्ही विचारला तसा विचारू नका. अदबीनं विचारा, आणि उत्तर आलं की लिहून ठेवा. आम्ही लिहून ठेवलं नव्हतं. नशीब, विसरलो नाही.

इथंच थांबतो.